खाली दुकान, वर बिऱ्हाड : मिश्र वापराच्या शहराची एक तपासणी



आजचा विषय तसा नगररचनाकारांचा. तत्त्वज्ञानवाल्यांनी त्यात कशाला पडावं, असं काहींच्या मनात आलं असेल. येऊ द्या. आमचं म्हणणं एवढंच की नगररचनेच्या सगळ्या कायद्याच्या मुळाशी एकच शब्द बसलेला आहे, तो म्हणजे ‘वापर’. जमिनीचा वापर. हा शब्द नीट तपासून न घेता त्यावर नकाशे रंगवले गेले, नियम झाले, लाखो माणसांची घरं-दुकानं ठरली. शब्द तपासणं हे तर आमचंच काम.

गेली काही वर्षं ‘मिश्र वापर’ हा परवलीचा शब्द झाला आहे. नांदेडला काय, लातूरला काय, नव्या इमारतीच्या फलकावर खाली शोरूम, वर दवाखाने, त्याच्यावर फ्लॅट असं चित्र असतं. त्यासोबत सांगितलं जातं की हे पर्यावरणपूरक आहे, कारण माणसाला सगळं पायी अंतरावर मिळतं, गाडी काढावी लागत नाही, पेट्रोल वाचतं. हे म्हणणं खरं आहे का? अर्धं खरं आहे, असं आमचं मत आहे. आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीची तपासणी जास्त काळजीनं करावी लागते.

सुरुवात लांबून नको, लातूरच्या गंजगोलाईपासूनच करू. १९१७ साली तिथली मुख्य दुमजली इमारत उभी राहिली. आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार, आणि त्या गोलाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, एका रस्त्याला चपला-जोडे, कुठे मिरची, कुठे गूळ. आपल्याकडे अनेकांची अशी समजूत आहे की मिश्र वापराचा बाजार म्हणजे आपोआप, वेडावाकडा वाढलेला बाजार. गोलाई आपोआप वाढलेली नाही. ती कागदावर आखलेली आहे, निजामी राजवटीत आखलेली आहे. फरक असा, की आखणाऱ्यानं ‘इथे फक्त व्यापार’ असा रंग मारला नाही. मध्ये देऊळ ठेवलं, भोवती दुकानं ठेवली, रस्ते मोकळे सोडले, आणि मागच्या गल्ल्यांत माणसं राहत गेली.

आता औसा, रेणापूर, निलंगा भागातून एखादं कुटुंब लग्नाच्या बस्त्यासाठी लातूरला येतं. एस. टी. स्टँडवर उतरल्यापासून परत बसेपर्यंत त्यांची किती कामं होतात बघा. कापड, सोनं, भांडी, देवीचं दर्शन, एखाद्या नातलगाला डॉक्टरकडे दाखवणं, आणि चालत. हे काम पाच वेगवेगळ्या कॉम्प्लेक्समध्ये पाच टोकांना वाटून दिलं तर त्या कुटुंबाला दिवसभर ऑटो करावा लागेल. इथे पेट्रोल वाचतं हे कबूलच करायला हवं. दुसरं, हमाल, भाजीवाली, चप्पल शिवणारा, चहाचा गाडा, ही सगळी माणसं अशाच ठिकाणी जगू शकतात, जिथे सकाळपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या कारणांनी माणूस येत राहतो. जेन जेकब्स या बाईंनी १९६१ साली अमेरिकन शहरांवर जे पुस्तक लिहिलं, त्याचा मध्यवर्ती मुद्दा हाच होता: रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे कमी आणि वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांना निघालेल्या माणसांमुळे जास्त. पण त्याच पुस्तकात त्यांनी आणखी एक अट घातली आहे, आणि आपल्याकडचे फलकवाले ती कधीच सांगत नाहीत. वस्तीत जुन्या इमारतीही हव्यात. का? तर जुन्या इमारतीचं भाडं कमी असतं, आणि कमी भाड्याशिवाय लहान धंदा उभा राहत नाही. नव्या कॉम्प्लेक्समध्ये गाळ्याचं डिपॉझिटच एवढं असतं की तिथे बँक येईल, ब्रँडेड कपड्यांचं दुकान येईल. छत्री दुरुस्त करणारा येणार नाही. मग ‘मिश्र’ कशाचं झालं?

वापर वेगळे करण्याची बुद्धी मुळात कुठून आली? ती फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मध्ये मिलेटसच्या हिप्पोडेमसची गोष्ट आहे. त्यानं शहर कसं विभागावं याची कला काढली, आणि जमिनीचे तीन भाग केले, देवाचा, सार्वजनिक आणि खाजगी. ॲरिस्टॉटलनं त्याची बरीच हजेरी घेतली आहे. पण गंमत अशी की त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला ॲरिस्टॉटल स्वतः म्हणतो की निसर्ग एका वस्तूला एकच काम देतो. अनेक कामं करणारी सुरी बनवणाऱ्या लोहाराप्रमाणे तो कंजुषी करत नाही. पुढे आदर्श नगराबद्दल बोलताना तो दोन चौक सांगतो, एक मोकळा चौक, जिथे व्यापाराला मज्जाव, आणि दुसरा खरेदी-विक्रीचा. म्हणजे ‘एक जागा, एक काम’ हा विचार तिथेही आहेच. आमच्या मते हा विचार हत्यारांना लागू पडतो, जागेला नाही. जागा ही हत्यारासारखी नसते. सकाळी सडा घातलेला ओटा दुपारी पापड वाळवायला, संध्याकाळी गप्पांना आणि रात्री झोपायला लागतो. त्या ओट्याचा ‘वापर’ नकाशावर कोणत्या रंगात दाखवणार?

मराठीत यासाठी एक फार चांगला शब्द आहे, वहिवाट. वापर हा सरकार ठरवतं, वहिवाट ही माणसं पाडतात. आणि आपल्या महसुली भाषेत दुसरा एक शब्द आहे, बिनशेती. जमिनीची ओळखच नकारातून. ती आता शेती नाही, एवढंच सांगितलं. ती काय आहे, तिच्याखाली पाणी आहे का, तिच्यावरून ओढा जातो का, याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. एजंट मंडळी ‘यलो झोनमधला प्लॉट आहे सर’ असं सांगतात, तेव्हा ते जमिनीबद्दल काही सांगत नसतात, नकाशाच्या कागदाबद्दल सांगत असतात.

विसाव्या शतकात या विभागणीला कायद्याचं बळ मिळालं. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंग वैध ठरवलं. निकालात दृष्टांत होता की गोठ्यातलं डुक्कर दिवाणखान्यात आलं तर तो उपद्रवच. कारखान्याच्या धुराबद्दल हे पटतं. पण त्याच निकालात बंगल्यांच्या वस्तीत येणाऱ्या भाड्याच्या सदनिकांना बांडगूळ ठरवलेलं आहे! म्हणजे धूर वेगळा काढता काढता भाडेकरू माणूसही वेगळा काढला गेला. १९३३ च्या आधुनिक वास्तुरचनाकारांच्या परिषदेनं तर शहराची चार कामं मोजून दिली: राहणं, काम, करमणूक, वाहतूक. त्यातूनच मग सेक्टरची शहरं आली. आपल्या नांदेडची सिडको-हडको हीसुद्धा त्या विचाराची दूरची नातेवाईक. आता तिथे जाऊन बघा, रांगेतल्या घरांच्या पुढच्या खोल्यांत किराणा आहे, पिठाची गिरणी आहे, झेरॉक्स आहे. माणसांनी नकाशा दुरुस्त करून घेतला.

इथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. मिश्र वापराचं कौतुक करता करता आपल्यातले बरेच जण जुन्या गावगाड्याचे गोडवे गायला लागतात. ‘आपल्या गावात सुतार, लोहार, कुंभार सगळे जवळ होते, घर आणि कामाची जागा एकच होती, काय सुंदर व्यवस्था!’ सुंदर कोणासाठी? त्या गावात धंद्यांची सरमिसळ होती, माणसांची नव्हती. महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर, आणि वाऱ्याची, पाण्याच्या उताराची दिशा बघून बाहेर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गनिवेशाच्या प्रकरणात कोणत्या वर्णानं, कोणत्या कारागिरानं कोणत्या दिशेला राहावं याची वाटणी आहे, आणि चांडाळांची जागा स्मशानाच्या कडेला. हे आपलं जुनं झोनिंग. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो प्रहार केला, तो शहरांवर बोलणाऱ्यांनी पाठ करून ठेवावा. एखाद्या नव्या ‘मिश्र’ टाउनशिपच्या जाहिरातीत दुकानं, जिम, शाळा सगळं असतं. आणि तिथे झाडलोट करायला येणारी बाई मात्र दोन ऑटो बदलून गुंठेवारीतल्या घरातून येते. तिच्या प्रवासाचं पेट्रोल त्या पर्यावरणपूरक हिशेबात धरलेलं नसतं.

वापर तोडल्यावर काय होतं, याचा सगळ्यात दुःखद प्रयोग आपल्याच भागात झाला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. हेतू चांगला होता, घाईही समजण्यासारखी होती. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५० असं घराचं माप जमिनीच्या मालकीवरून ठरलं. गावं सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची, शहरातल्या कॉलनीसारखी. जुन्या गावापेक्षा कितीतरी जास्त जमीन त्यात गेली. भिंती भूकंपाला टिकतील अशा झाल्या, याबद्दल कुणी नावं ठेवू नयेत. पण त्या घराला ‘घर’ एवढाच एक वापर दिलेला होता. शेतकऱ्याच्या वाड्यात गोठा असतो, बळद असतं, कडबा असतो, बैलगाडी असते. हे कुठे ठेवायचं? बाजाराला, विहिरीला, शेताला जायचं अंतर वाढलं. मग पुढच्या वर्षांत लोकांनी पत्रे मारले, गुरं अंगणात आली, एखादी खोली किराण्याची झाली. त्याला अतिक्रमण म्हणायचं की वहिवाट, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

इथपर्यंत ऐकून वाटेल की आम्ही मिश्र वापराचे वकील आहोत. नाही. आता दुसरी बाजू.

लातूरचा शिकवणीचा भाग सगळ्यांना माहीत आहे. बारावीच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर झालं आणि बाहेरगावची मुलं येऊ लागली. ती राहिली कुठे? बंगल्यांच्या वसाहतींत. खाली क्लास, वर होस्टेल, शेजारी मेस, पलीकडे लायब्ररी म्हणजे अभ्यासिका, कोपऱ्यावर स्टेशनरी आणि पोह्यांचा गाडा. मिश्र वापराच्या पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण. सोळा-सतरा वर्षांची मुलगी सकाळी सहाला आणि रात्री नऊला चालत जाते-येते, रस्त्यावर माणसं असतात, घरच्यांना काळजी नसते. ज्या बाईनं आयुष्यात कधी बाहेर नोकरी केली नसती, ती मेस चालवून पोरांना शिकवते. हे सगळे फायदे खरे आहेत, आणि ते मोठे आहेत.

पण पाण्याचा हिशेब करू. शहरात भुयारी गटार असेल तर माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावं, असा आपल्या देशातला प्रमाण नियम आहे. समजा एक प्लॉट पाच माणसांच्या कुटुंबासाठी मंजूर झाला. दिवसाला ६७५ लिटर. त्याच प्लॉटवर चाळीस मुलांचं होस्टेल झालं. ५४०० लिटर. आठपट. नळाची जोडणी तीच, रस्त्याखालचा पाइप तोच, सेप्टिक टाकी बहुधा तीच. मग वरचं पाणी कुठून येतं? बोअरमधून. आपला खडक बेसॉल्ट, काळा पाषाण. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, वाळूच्या थरासारखं सलग नाही. एकानं दोनशे फूट मारलं की शेजारी चारशे मारतो, आणि पहिल्याचं आटतं. तिसरा टँकर बोलावतो. टँकर डिझेलवर चालतो. मुलीनं पायी जाऊन वाचवलेलं पेट्रोल टँकरवाल्यानं डिझेल म्हणून जाळलं.

२०१६ आठवा. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात १४४ कलम लावावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. सगळ्या देशानं ते चित्र पाहिलं. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या तीन लाख ऐंशी हजारांच्या वर होती. भागाकार करा: माणशी सव्वा लिटरच्या आसपास. १३५ लिटरच्या प्रमाणानं पाहिलं तर ती अख्खी गाडी एका दिवसाला ३७०० माणसांना पुरली असती. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तरी माणशी साडेसहा लिटर. आम्ही हे आकडे शहराला टोमणा म्हणून सांगत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं, पाऊस नव्हता, उसाचा प्रश्न आहे, ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मुद्दा वेगळा आहे. एखाद्या रस्त्यावर किती वापर एकावर एक रचायचे याचा निर्णय आपण घेतो, तेव्हा त्या रस्त्याच्या खाली आणि शहराच्या धरणात किती पाणी आहे, हा प्रश्न कुठल्याच टेबलावर विचारला जात नाही.

मग विचारलं काय जातं? रस्त्याची रुंदी! २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, बांधकामवाले तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळता जवळपास सगळ्या महाराष्ट्राला एकच नियमावली. तिच्यात बऱ्याच गोष्टी सुटसुटीत झाल्या, हे मान्य. पण निवासी भागात दुकान चालेल का, ऑफिस चालेल का, किती चटईक्षेत्र मिळेल, याचा कणा रस्त्याच्या रुंदीचा आहे. रस्ता रुंद, तर वापर जास्त, मजले जास्त. त्यात प्रीमियम भरून जादा चटईक्षेत्र घेता येतं. अनुषंगिक क्षेत्र म्हणून निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत आणि अनिवासी वापराला ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे दुकान-ऑफिसाला घरापेक्षा झुकतं माप. रस्त्याची रुंदी वाहनं किती मावतील ते सांगते. पाणी किती आहे, मैला कुठे जाईल, ते ती सांगत नाही. आणि लातूर, नांदेड, कोल्हापूर, यवतमाळ यांना एकच माप, जणू सगळीकडे सारखाच पाऊस पडतो.

आवाजाचं बघा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात दिवसा ६५, रात्री ५५. आता खाली दुकान वर घर असेल तर कोणता आकडा? नियमाच्या तळटीपेत उत्तर आहे: मिश्र भागाला सक्षम अधिकाऱ्यानं चारपैकी कोणता तरी एक वर्ग जाहीर करावा. म्हणजे एका कायद्यानं ‘मिश्र’ला उत्तेजन द्यायचं, आणि दुसऱ्या कायद्यात ‘मिश्र’ नावाचा प्रकारच नाही. त्या भागाला व्यापारी ठरवलं की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या वाट्याला दहा डेसिबल जास्त आले. दहा डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. कागदावर तो आकडा अगदी किरकोळ दिसतो. जनरेटर खालच्या बँकेचा, धूर वरच्या घरात. एसीच्या यंत्रांची गरम हवा एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात बोळात सोडायची, आणि बोळातल्या माणसानं मग आपलाही एसी घ्यायचा.

जुनी पेठ हे सगळं कसं सोसत होती? ती थंड होती, कारण गल्ल्या अरुंद आणि सावलीच्या, भिंती जाड, माळवदाच्या. तिचे धंदे हाताचे होते. नांदेडची मलमल एके काळी नावाजलेली होती. विणकराचा माग घरात असे, त्याचा आवाज शेजाऱ्याला त्रास देईल एवढा नव्हता. आज त्याच इतवाऱ्यात, त्याच गल्लीच्या रुंदीत, काचेच्या दर्शनी भागाची चार मजली दुकानं आली तर ‘हा आमचा पारंपरिक मिश्र वापरच आहे’ असं म्हणता येणार नाही. नाव तेच आहे. उष्णता, पाणी, कचरा, वीज, सगळ्यांची मापं बदलली.

नांदेडचं उदाहरण वेगळ्या अंगानं बोलतं. तख्त सचखंड श्री हजूर साहिबचा परिसर घ्या. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचं इथे देहावसान झालं, १८३० च्या दशकात महाराजा रणजितसिंगांनी आजचं गुरुद्वारा बांधून घेतलं. त्याच्या भोवती कडं-कृपाणाची दुकानं, यात्री निवास, लंगर, राहती घरं, ढाबे, ट्रॅव्हल्सची ऑफिसं. भक्ती, व्यापार आणि बिऱ्हाड एकमेकांना खेटून. ॲरिस्टॉटलच्या दोन चौकांची इथे चेष्टाच झालेली आहे, आणि चांगली झालेली आहे. लंगरमध्ये कोण जेवतो ते विचारत नाहीत. मघाशी आम्ही ज्या ‘माणसांच्या सरमिसळी’बद्दल बोललो, ती इथे पंगतीत दिसते.

२००८ साली गुरता गद्दीची तीनशे वर्षं झाली. त्याआधी केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानात नांदेडची निवड झाली आणि शहरात मोठा पैसा आला. रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, विमानतळ सुधारला. नांदेडकरांनी त्या कामांचा लाभ घेतला आहे, घेत आहेत. पण रुंदीकरण म्हणजे काय असतं? दर्शनी भागातली दहा फुटांची दुकानं जातात. ज्याचं मागे घर होतं, त्याचं घर उरतं पण धंदा जातो. ज्याची मालकी होती त्याला मोबदला मिळतो. जो भाड्यानं बसत होता किंवा नुसताच वहिवाटीनं बसत होता, त्याच्याजवळ दाखवायला कागद नसतो. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ पासून दहाएक वर्षं हिंदुस्थानात शहरं बघत हिंडले, मुंबई विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचा विभागही सुरू केला. त्यांचं सांगणं असं होतं की सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी वस्ती कापू नका. जिथे फारच कोंडलं आहे तिथली एखाद-दोन घरं काढा, हवा येऊ द्या, बाकीचं राहू द्या. शल्यक्रिया करा, पण रोगी जगला पाहिजे. शंभर वर्षांनंतरही आपल्या शहरांना ते ऐकू आलेलं नाही, कारण रुंद रस्ता फोटोत दिसतो आणि न पाडलेलं घर फोटोत दिसत नाही.

आणि गोदावरी. घाट झाले, पण शहराचे नाले नदीला मिळतातच. यात्रेकरू जिथे पाणी डोक्याला लावतो, तिथून थोड्या अंतरावर नाला. मिश्र वापराच्या भागातलं सांडपाणीही मिश्र असतं: घरातला मैला, हॉटेलचं तेलकट पाणी, गॅरेजचं ऑइल, दवाखान्याचं धुणं. हे सगळं एकाच गटारात. एकट्या घरांचं सांडपाणी शुद्ध करणं तुलनेनं सोपं असतं. त्यात तेल आणि रसायन आलं की तेच केंद्र अडखळतं. हा पर्यावरणाचा परिणाम इमारतीच्या दारात दिसत नाही, खाली वाहून जातो. विष्णुपुरीच्या वर शहर पाणी घेतं, आणि आपण सोडलेलं पाणी खालच्या गावांच्या वाट्याला येतं. फायदा मोजायचा पायी चालणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून, आणि तोटा ठेवायचा मोजणीच्या हद्दीबाहेर. उपयुक्ततावादाची ही जुनी खोड आहे. बेरीज बरोबर येते, पण ज्याच्याकडून वजा झालं तो बेरजेत नसतो.

मुंबईच्या गिरण्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, पण थोडक्यात करू. गिरणगाव हा मिश्र वापरच होता: गिरणी, चाळ, खानावळ, तालीम, भजनी मंडळ. १९९१ च्या नियमानं गिरणीची जमीन विकसित करताना तिचा साधारण एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी द्यायचा होता. २००१ साली दुरुस्ती झाली आणि हा हिस्सा फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. तिथे आता मॉल आहेत, ऑफिसं आहेत, उंच घरं आहेत. नियमाच्या भाषेत तोही मिश्र वापर. दोन्हींना एकच शब्द लागू होत असेल, तर त्या शब्दानं काहीच सांगितलं नाही.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. परवानगी देताना ‘वापर मिश्र आहे का’ हे विचारू नका, तीन साधे प्रश्न विचारा. या जागेवर दिवसाला किती माणसं असतील, आणि त्यांचं पाणी कोणत्या उद्भवातून येईल? त्यांचं सांडपाणी कोणत्या केंद्रात जाईल, आणि तिथे तेवढी क्षमता आज आहे का? इथून उठणारा माणूस कुठे जाईल? दोन गाळ्यांच्या किराणा दुकानाला यातलं काही विचारायची गरज नाही, त्याला सुखानं चालू द्या. पण चाळीस खाटांच्या होस्टेलला, सहा मजली दवाखान्याला आणि मंगल कार्यालयाला विचाराच. आज नेमकं उलटं होतं. पाटी लावल्याबद्दल नोटीस येते ती घरात शिलाई मशीन ठेवणाऱ्या बाईला.

एका विद्यार्थ्यानं प्रश्न पाठवला आहे, तो घेतो. तो म्हणतो, शिकवण्या आणि होस्टेलं शहराबाहेर एकाच ठिकाणी हलवली तर वस्तीचा त्रास मिटेल ना? वस्तीचा आवाज मिटेल, पार्किंगची भांडणं मिटतील. पण तिथे संध्याकाळी सातनंतर मुलांशिवाय कोणी नसेल, मेसवाली बाई तिथपर्यंत रोज जाऊ शकणार नाही, तिच्या जागी एखादा कंत्राटदार येईल, आणि मुलं प्रत्येक लहान गोष्टीसाठी शहरात येतील, बहुतेक दुचाकीवर. शिवाय पाण्याचं काय? चाळीस मुलं होती तिथेही त्यांना रोज ५४०० लिटर लागत होतं, नव्या जागी तेवढंच लागेल, आणि जलवाहिनी लांबवावी लागेल ती वेगळीच. त्यापेक्षा आहे त्या वसाहतीत प्रत्येक होस्टेलला खाटांच्या हिशेबानं वेगळी नळपट्टी, वेगळा मीटर आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरजवळ जिरवण्याची सक्ती, एवढं करून बघावं. मालक कुरकुर करतील. करू द्या, चाळीस मुलांचं भाडं तेच घेतात.